गुडघ्याची वाटी न बदलता काय करता येतं? कोणत्या उपायाचा किती उपयोग?

गुडघेदुखीचा एक व्हिडिओ पाहिला की पुढचे कित्येक दिवस फोनवर त्याच जाहिराती फिरत राहतात. कुणी ऑपरेशनशिवाय कायमची सुटका देतो म्हणतं, कुणी संपलेलं वंगण परत आणतं, तर कुणी स्वतःच्याच रक्तातून गुडघ्याची नवी गादी तयार करून देतं. दुसऱ्या बाजूला एक्स-रे पाहून 'गॅप संपली आहे, आता वाट्या बदलाव्या लागतील' असं सांगितलं गेलेलं असतं. घरात मग दोनच बाजू पडतात: एक ऑपरेशनची, दुसरी चमत्काराची.

प्रत्यक्षात या दोन्हींच्या मधे बरेच उपाय आहेत. त्यांच्यावर मोठे अभ्यास झाले आहेत आणि त्यातून एक गंमतशीर उलटं चित्र समोर येतं. ज्या उपायांचे पुरावे सर्वांत भक्कम आहेत, ते जवळजवळ फुकट आहेत आणि त्यांची जाहिरात कुणी करत नाही. ज्यांची जाहिरात सर्वांत जास्त होते, त्यांचे पुरावे सर्वांत कच्चे आहेत.

'गॅप' म्हणजे नेमकं काय?

गुडघ्यात मांडीचं हाड नडगीच्या हाडावर टेकतं. दोन्ही हाडांच्या टोकांना गुळगुळीत, चिवट अस्तर असतं. त्याला कूर्चा म्हणतात. मधे चंद्रकोरीच्या आकाराच्या दोन गाद्या असतात, त्या मेनिस्कस. एक्स-रेमध्ये यातलं काहीच दिसत नाही. दिसते ती फक्त दोन हाडांमधली मोकळी जागा. कूर्चा झिजली की ही जागा कमी होते, आणि तिलाच बोलताना 'गॅप' म्हटलं जातं.

'वंगण संपलं' हा शब्दप्रयोग मात्र फसवा आहे. सांध्यातलं द्रव संपत नाही. त्याचा दर्जा बदलतो, तो पातळ होतो. सुजलेल्या गुडघ्यात तर तो नेहमीपेक्षा जास्तच असतो. 'गुडघ्यात पाणी झालंय' म्हणतात ते हेच.

कूर्चेला रक्तवाहिन्या नसतात, म्हणून ती एकदा झिजली की त्वचेसारखी भरून येत नाही. तिला मज्जातंतूही नसतात, म्हणजे ती स्वतः दुखत नाही. वेदना येते ती खालच्या हाडातून, सांध्याच्या सुजलेल्या आतल्या आवरणातून आणि आजूबाजूच्या ताणलेल्या स्नायूंतून. म्हणूनच एक्स-रे आणि दुखणं यांचा मेळ अनेकदा बसत नाही. रिपोर्टवर लिहिलेली 'ग्रेड' १९५७ साली केलग्रेन आणि लॉरेन्स या दोघांनी मांडलेल्या पद्धतीनुसार ० ते ४ अशी दिली जाते. ग्रेड ३ असलेला माणूस पायी वारी करून येऊ शकतो आणि ग्रेड २ असलेल्याला जिना नकोसा होऊ शकतो. उपचार ठरतो तो माणसाला किती त्रास आहे यावर. एक्स-रेची फिल्म सुधारणं हा त्याचा हेतू नसतो.

इथे एक खबरदारी हवी. प्रत्येक गुडघेदुखी झिजेची नसते. खुब्याचा आजार कधी कधी गुडघ्यातच दुखतो. सकाळी तासभर सांधे आखडत असतील, बोटांचे सांधेही सुजत असतील, तर तो ऱ्हुमॅटॉइड संधिवात असू शकतो आणि त्याची औषधं पूर्ण वेगळी आहेत. गुडघा अचानक लाल, गरम होऊन सोबत ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायला हवं. या लेखात पुढे जे येतं ते झिजेच्या संधिवाताबद्दल, म्हणजे ऑस्टिओआर्थ्रायटिसबद्दल आहे.

'चालू नका, अजून झिजेल' हा सल्ला का चुकतो?

गुडघा म्हणजे गाडीचा टायर, जितका वापराल तितका झिजणार, अशी समजूत घराघरात आहे. सांधा तसा चालत नाही. कूर्चेला रक्त मिळत नसल्यामुळे तिचं पोषण सांध्यातल्या द्रवातून होतं. पाऊल टेकलं की ती दबते, उचललं की फुगते, आणि स्पंजासारखी द्रव आत-बाहेर घेते. पाय हललाच नाही तर हे पोषण मंदावतं. त्यात मांडीचा पुढचा स्नायू, क्वाड्रिसेप्स, दुखण्यामुळे आधीच दुबळा झालेला असतो. बसून राहिल्याने तो आणखी बारीक होतो, मग प्रत्येक पावलाचा धक्का थेट सांध्यावर येतो, दुखणं वाढतं आणि माणूस आणखी बसतो.

हे चक्र तोडायचं काम व्यायाम करतो. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०२२ साली दिलेल्या मार्गदर्शक सूचनांमध्ये झिजेच्या संधिवाताच्या प्रत्येक रुग्णाला उपचार म्हणून व्यायाम द्यावा असं म्हटलं आहे. वय आणि दुखण्याची तीव्रता कितीही असली तरी.

व्यायाम साधे आहेत. खुर्चीवर बसून पाय सरळ करून काही सेकंद धरणं. पलंगावर आडवं पडून गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती खाली दाबणं. गुडघा ताठ ठेवून पाय वीतभर उचलणं. हे जमलं की सर्वांत कामाचा व्यायाम येतो: हाताचा आधार न घेता खुर्चीतून उठणं आणि सावकाश बसणं. सुरुवातीला खुर्चीवर उशी ठेवून ती उंच करता येते. सोबत पाठीमागच्या आणि कुशीच्या स्नायूंचे व्यायाम, आणि सपाट रस्त्यावर चालणं किंवा सायकल. ज्यांचं वजन फार आहे त्यांना पाण्यात चालणं सोपं जातं.

व्यायाम करताना थोडं दुखलं तर घाबरण्याचं कारण नाही. डेन्मार्कमध्ये २०१३ साली सुरू झालेला आणि पुढे अनेक देशांत पोहोचलेला 'ग्लॅड' नावाचा व्यायाम कार्यक्रम याबाबत सरळ नियम सांगतो: सहन होईल इतकं दुखणं चालेल, पण दुसऱ्या दिवसापर्यंत ते नेहमीच्या पातळीवर यायला हवं. आलं नाही, तर व्यायाम बंद करायचा नाही, कमी करायचा.

फरक जाणवायला सहा ते बारा आठवडे लागतात आणि इथेच बहुतेक लोक सोडून देतात. फिजिओथेरपिस्टकडे दहा दिवस जाऊन शेक घेतला, मशीन लावलं आणि 'फिजिओथेरपी करून पाहिली, उपयोग झाला नाही' असं म्हटलं जातं. मशीनचा शेक म्हणजे व्यायाम नव्हे. शिवाय व्यायामाचा फायदाही माफकच असतो, जादूचा नाही, आणि व्यायाम थांबला की तो हळूहळू ओसरतो. तरीही २०२० साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलेल्या १५६ रुग्णांच्या अमेरिकन अभ्यासात एका वर्षानंतर फिजिओथेरपी घेतलेल्यांची स्थिती स्टिरॉइडचं इंजेक्शन घेतलेल्यांपेक्षा चांगली होती.

एक किलो उतरलं की गुडघ्याला चार किलोचा दिलासा

२००५ साली अमेरिकेत मेसियर आणि सहकाऱ्यांनी जास्त वजन असलेल्या रुग्णांच्या चालण्याचं मोजमाप केलं. शरीराचं जितकं वजन कमी झालं, त्याच्या चौपट भार प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरून कमी झाला होता. म्हणजे ८० किलोच्या माणसाने ८ किलो उतरवले, तर दर पावलाला सुमारे ३२ किलो कमी. दिवसाला चार-पाच हजार पावलं धरली तर हा हिशोब कुठे जातो ते ज्याने-त्याने करून पाहावं.

याच गटाने २०१३ साली ४५४ जणांवर दीड वर्ष चालवलेल्या अभ्यासात फक्त आहार, फक्त व्यायाम आणि दोन्ही एकत्र अशी तुलना केली. दोन्ही करणाऱ्यांचं दुखणं सर्वांत जास्त कमी झालं. चरबी फक्त ओझं म्हणून त्रास देत नाही. ती सूज वाढवणारी रसायनंही सोडते, त्यामुळे हा फायदा नुसत्या भाराच्या गणितापुरता नाही.

वजन कमी करा हे सांगणं सोपं आणि करणं कठीण, विशेषतः चालताच येत नसेल तर. म्हणून सुरुवात ताटापासून करावी लागते. साखरेचे चार चहा, संध्याकाळचा फरसाण, आणि उपवासाच्या नावाखाली साबुदाण्याची खिचडी व बटाट्याचा कीस हे आधी कमी करण्यासारखं. डाळी, उसळी, दही, अंडी, मासे वाढवायचे, कारण वजनाबरोबर स्नायूही उतरला तर गुडघ्याचं नुकसानच होतं.

स्थूल माणसांसाठी आता औषधाचाही पर्याय आहे. सेमाग्लुटाइड या आठवड्यातून एकदा घ्यायच्या इंजेक्शनचा गुडघ्याच्या संधिवातावरचा अभ्यास २०२४ साली प्रसिद्ध झाला. स्थूल असलेल्या ४०७ रुग्णांमध्ये ६८ आठवड्यांनंतर औषध घेणाऱ्यांचं वजन सरासरी १३.७ टक्के उतरलं, बिनऔषधी इंजेक्शन घेणाऱ्यांचं ३.२ टक्के. दुखणंही पहिल्या गटात स्पष्टपणे जास्त कमी झालं. मळमळ, उलट्या असे त्रास होतात, आणि औषध थांबवल्यावर वजन परत वाढू शकतं. हे औषध डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय घ्यायचं नाही, आणि वजन बेताचं असलेल्यांसाठी ते नाही.

काठी, कमोड आणि जिना

काठी म्हणजे म्हातारपणाची खूण, म्हणून ती घेणं अनेकांना कमीपणाचं वाटतं. खरं तर ती चालता-फिरता गुडघ्याचा भार उतरवते. फक्त ती उलट्या हातात हवी. उजवा गुडघा दुखत असेल तर काठी डाव्या हातात, आणि दुखरा पाय टाकताना काठीही सोबत टाकायची. हात सैल सोडून सरळ उभं राहिल्यावर काठीची मूठ मनगटाच्या घडीपर्यंत यायला हवी. 

जिन्यासाठीही नियम आहे: चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. सूज आणि दुखणं जास्त असेल तेव्हा उकिडवं बसणं, मांडी घालून बसणं टाळलेलं बरं. भारतीय पद्धतीच्या संडासावर ठेवायची खुर्ची मेडिकल साहित्याच्या दुकानात मिळते आणि कमोड बसवण्यापेक्षा ती फार स्वस्त पडते. पाय बाहेरच्या बाजूला वाकलेले असतील आणि झीज आतल्या बाजूलाच असेल, तर त्या बाजूचा भार हलका करणारा खास पट्टा काहींना उपयोगी पडतो. दुकानात मिळणारी साधी नी-कॅप ऊब आणि आधाराची भावना देते, त्यापलीकडे फारसं नाही.

मलम आधी, गोळी नंतर

वेदनाशामक मलमाला लोक कमी लेखतात. डायक्लोफेनॅकचं जेल गुडघ्यासाठी खरोखर काम करतं, कारण गुडघा त्वचेच्या जवळ आहे आणि औषध तिथपर्यंत पोहोचतं. मात्र वाटाण्याएवढं बोटावर घेऊन रात्री एकदा चोळणं पुरत नाही. सांगितलेल्या प्रमाणात, गुडघ्याभोवती सगळीकडे, दिवसातून तीन-चार वेळा लावावं लागतं.

गोळ्यांची गोष्ट वेगळी. पॅरासिटामॉलचा गुडघ्याच्या झिजेवर परिणाम अगदी थोडा दिसतो. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, एसेक्लोफेनॅक या गटातल्या गोळ्यांनी आराम पडतो, पण त्या पोटात व्रण करू शकतात, रक्तदाब वाढवतात, मूत्रपिंडावर ताण आणतात आणि हृदयविकाराच्या रुग्णांना धोक्याच्या ठरू शकतात. रक्तदाबासाठी आधीच काही गोळ्या आणि लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, तर ही तिसरी गोळी मूत्रपिंडाला चांगलीच महागात पडू शकते. दुकानातून परस्पर घेतलेल्या दोन वेगळ्या नावांच्या स्ट्रिपमध्ये एकच औषध असणंही नवं नाही. गोळी घ्यायचीच तर कमीत कमी मात्रा, कमीत कमी दिवस.

ग्लुकोसामिन आणि कॉन्ड्रॉइटिन या 'गादी वाढवणाऱ्या' गोळ्या अनेक घरांत वर्षानुवर्षं चालू असतात. १,५८३ रुग्णांवरच्या २००६ सालच्या अमेरिकन अभ्यासात त्या एकूण रुग्णांमध्ये साखरेच्या गोळीपेक्षा सरस ठरल्या नाहीत. नाइसच्या सूचनाही ग्लुकोसामिन देऊ नका असंच सांगतात. महिन्याचा हा खर्च निर्धास्तपणे वाचवता येण्यासारखा आहे.

आणि गावोगाव मिळणाऱ्या बिनलेबलच्या पुड्या? दोन दिवसांत दुखणं पूर्ण थांबलं, भूक वाढली आणि चेहरा गोल दिसू लागला, तर त्या पुडीत स्टिरॉइड असण्याची शंका घ्यायलाच हवी. अशी पुडी बराच काळ घेतली असेल तर अचानक बंद करणंही धोक्याचं. डॉक्टरांना सांगून ती हळूहळू बंद करावी लागते.

इंजेक्शनं: सर्वांत जास्त पैसा इथे जातो

गुडघ्यात देण्याची इंजेक्शनं मुख्यतः तीन प्रकारची.

पहिलं स्टिरॉइडचं. सुजलेला, ठणकणारा गुडघा काही आठवडे शांत करण्यासाठी ते चांगलं. लग्नकार्य, प्रवास किंवा व्यायाम सुरू करता यावा म्हणून एखादं घेणं समजण्यासारखं. पण दर तीन महिन्यांनी घेत राहणं नव्हे. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या १४० जणांच्या अभ्यासात दोन वर्षं दर १२ आठवड्यांनी हे इंजेक्शन दिलं गेलं. मिठाच्या पाण्याचं इंजेक्शन घेतलेल्यांपेक्षा त्यांचं दुखणं कमी झालं नाही, कूर्चा मात्र जास्त झिजली. मधुमेह असलेल्यांची साखर इंजेक्शननंतर काही दिवस वाढते, हेही आधी माहीत असावं.

दुसरं 'वंगणाचं' इंजेक्शन, म्हणजे हायलुरॉनिक ॲसिड. हा पदार्थ कोंबड्याच्या तुऱ्यापासून किंवा जिवाणूंच्या मदतीने तयार होतो. नाव ऐकून गाडीत ऑइल टाकल्यासारखं वाटतं, पण टोचलेलं द्रव सांध्यात फार काळ टिकत नाही. २०२२ साली बीएमजे या नियतकालिकाने अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा छापला. त्यात दुखण्यावरचा परिणाम रुग्णाला जाणवेलच असं म्हणता येणार नाही इतका लहान निघाला. नाइसची शिफारस त्याच वर्षी 'देऊ नका' अशी आली.

तिसरं पीआरपी. रुग्णाचं रक्त काढून, यंत्रात फिरवून, प्लेटलेटचा दाट भाग गुडघ्यात टोचतात. काही लहान अभ्यासांत याचे निकाल चांगले आले आणि त्यांच्याच जोरावर याचा बोलबाला झाला. ऑस्ट्रेलियातल्या २८८ रुग्णांच्या २०२१ सालच्या अभ्यासात मात्र अर्ध्यांना पीआरपी आणि अर्ध्यांना मिठाचं पाणी दिलं, कुणाला काय दिलं ते रुग्णांना कळू दिलं नाही. वर्षाअखेरीस दुखण्यात ठळक फरक नव्हता आणि कूर्चेच्या मापातही नव्हता. मिठाच्या पाण्याच्या गटालाही बरं वाटलं होतं, ही यातली लक्षात ठेवण्यासारखी बाब. शेजारच्या काकूंना इंजेक्शनने गुण आला हे खोटं नसतं. तो गुण औषधाचा होता हे त्यावरून सिद्ध होत नाही, इतकंच. झिजेचं दुखणं मुळात चढउताराचं असतं आणि माणूस इंजेक्शन घ्यायला जातो तो ते सर्वांत जास्त असताना.

स्टेम सेलचं इंजेक्शन यापुढची पायरी. भारतात आयसीएमआर आणि जैवतंत्रज्ञान विभागाच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, रक्ताच्या ठरावीक आजारांसारखे मान्य उपयोग सोडले तर स्टेम सेल उपचार नोंदणीकृत संशोधनाबाहेर देता येत नाहीत. आणि संशोधनात भाग घेणाऱ्याकडून उपचाराचे लाखभर रुपये घेतले जात असतील, तर ते संशोधन आहे का हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

दुर्बिणीने 'साफसफाई' करून घ्यावी का?

२००२ साली अमेरिकेतल्या ह्यूस्टनमध्ये १८० रुग्णांवर एक धाडसी प्रयोग झाला. काहींच्या गुडघ्याची दुर्बिणीतून खरोखर साफसफाई केली, काहींचा गुडघा आतून फक्त धुतला, आणि काहींना नुसते चिरे देऊन टाके घातले. दोन वर्षं पाहिलं तरी तिन्ही गटांत फरक निघाला नाही. २०१७ साली बीएमजेमध्ये तज्ज्ञांच्या गटाने झिजेच्या गुडघ्यासाठी दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेविरुद्ध ठाम शिफारस केली.

तरीही एमआरआयमध्ये 'मेनिस्कस टेअर' दिसला की लोक घाबरतात. पन्नाशीनंतर असा टेअर केस पांढरे होण्याइतका सामान्य आहे. अमेरिकेतल्या ९९१ लोकांच्या पाहणीत ज्यांच्या मेनिस्कसला चीर होती, त्यांतल्या ६१ टक्क्यांना गेल्या महिन्यात गुडघ्याचा काहीच त्रास नव्हता. गुडघा खरोखर अडकून सरळच होत नसेल, तर गोष्ट वेगळी.

एका गटासाठी मात्र सांधा राखणारी शस्त्रक्रिया चांगली आहे. वय तुलनेने कमी, अंगमेहनतीचं काम, पाय धनुष्यासारखे वाकलेले आणि झीज फक्त आतल्या बाजूला. अशा रुग्णाचं नडगीचं हाड गुडघ्याच्या खाली कापून, कोन सरळ करून प्लेट बसवतात. भार झिजलेल्या बाजूवरून चांगल्या बाजूवर जातो. याला हाय टिबियल ऑस्टिओटॉमी म्हणतात. हाड जुळायला काही महिने लागतात, पण शेतात किंवा बांधकामावर काम करणाऱ्या पंचेचाळिशीच्या माणसाला कृत्रिम सांध्यापेक्षा हे अनेकदा सोयीचं पडतं, आणि पुढे गरज लागली तर वाटी बदलण्याचा मार्ग खुला राहतो.

गुडघ्याच्या वेदनावाहक नसा उष्णतेने बधिर करणं आणि सुजलेल्या आवरणाकडे जाणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या बंद करणं, हे दोन नवे उपाय मोठ्या शहरांत मिळू लागले आहेत. शस्त्रक्रिया झेपणार नाही अशा रुग्णांना त्यांचा काही काळ आराम मिळू शकतो. झीज त्याने थांबत नाही.

मग वाटी कधी बदलावी?

याचं सर्वांत प्रामाणिक उत्तर डेन्मार्कमधल्या एका अभ्यासात सापडतं. वाटी बदलण्यासाठी पात्र ठरलेले १०० रुग्ण घेतले. अर्ध्यांची शस्त्रक्रिया केली आणि त्यानंतर व्यायाम, आहार, पायात घालायचे इनसोल व औषधं असा १२ आठवड्यांचा कार्यक्रम दिला. उरलेल्या ५० जणांना शस्त्रक्रियेशिवाय फक्त तो कार्यक्रम. २०१५ साली निकाल आला. वर्षभराने दोन्ही गट सुधारले होते, पण शस्त्रक्रियेच्या गटाची सुधारणा साधारण दुप्पट होती. गंभीर गुंतागुंतही त्याच गटात जास्त. आणि शस्त्रक्रिया न केलेल्या ५० पैकी १३ जणांनी वर्षभरात ती करून घेतली. बाकी ३७ जणांना त्या वर्षी तिची गरज भासली नाही.

म्हणजे वाटी बदलणं हा चांगला उपाय आहे, आणि तो पुढे ढकलता येण्याची शक्यताही खरी आहे. रात्री दुखण्याने झोप मोडते, घरातल्या घरात चालणं अवघड झालंय, मनापासून तीन-चार महिने व्यायाम आणि वजनाचे प्रयत्न करूनही फरक नाही, अशा वेळी पुढच्या इंजेक्शनाच्या मागे धावत वर्षं घालवणं नुकसानीचं ठरतं. तोवर मांडीचा स्नायू इतका उतरतो की शस्त्रक्रियेनंतर उभं राहणंच जड जातं. जे व्यायाम शस्त्रक्रिया टाळण्यासाठी सांगितले जातात, तेच तिच्या आधीही करायचे असतात. आणि शस्त्रक्रियेची तारीख ठरत असेल, तर त्याआधीच्या तीन महिन्यांत गुडघ्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन घ्यायचं नाही, कारण त्याने कृत्रिम सांध्यात जंतुसंसर्ग होण्याचा धोका वाढतो. आधीच घेतलं असेल, तर ते सर्जनला तारखेसह सांगायचं.